आपलं रिटर्न, दुसऱ्याचा मोबाइल

जुलै उजाडला की बोईसर स्टेशनच्या आसपास झेरॉक्स, रिचार्ज आणि पॅनकार्डच्या दुकानांवर एक जादा पाटी दिसू लागते: 'आयटीआर भरून मिळेल. रिफंड काढून मिळेल.' पाटीचा पूर्वार्ध सरळ आहे, गोम उत्तरार्धात. परतावा म्हणजे विहिरीतून उपसायचं पाणी नव्हे. वर्षभरात जेवढा कर बसतो त्याहून जास्त टीडीएस कापला गेला असेल तर वरचे पैसे परत येतात, नसेल तर नाही. मग हा माणूस काढतो ते कुठून? न दिलेलं घरभाडं, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, घरात कोणालाही न झालेला आजार, ज्याचं नाव ऐकलेलं नाही अशा पक्षाला दिलेली देणगी, यांतून. हे सगळं तुमच्या पॅनवर लिहिलं जातं. तो अर्धे घेतो, तुम्ही अर्धे घेता आणि सही मात्र तुमची एकट्याची असते.

* * *

१४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभर अशा 'काढून देणाऱ्यांच्या' ठिकाणांवर तपासणी केली. विभागाने नावं घेतलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्याआधीच्या चार महिन्यांत साधारण ४० हजार करदात्यांनी स्वतःहून रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, हेही तेव्हाच जाहीर झालं. त्या निवेदनात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ आकड्यांची नव्हतीच. हे दलाल घाऊक रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल तयार करतात आणि नंतर सोडून देतात. त्यामुळे विभागाने पाठवलेल्या नोटिसा कोणी वाचतच नाही, असं त्यात म्हटलं होतं.

म्हणजे नोटीस आली. नियमाप्रमाणे पोहोचली. ज्याच्या नावाने आली त्याला मात्र पत्ता नाही. कंपनीतला पोरगा दोन वर्षांनी घरासाठी कर्ज मागायला जातो तेव्हा बँकेतून कळतं, की साहेब, तुमच्या नावावर आयकराची मागणी उभी आहे.

* * *

हिशेब मांडून बघू. जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाने एक लाखाची खोटी राजकीय देणगी दाखवली. सेससह वाचले २०,८०० रुपये. पकडलं गेल्यावर ते परत, वर व्याज, आणि उत्पन्नाची 'चुकीची माहिती' दिली म्हणून कराच्या २०० टक्के दंड, म्हणजे आणखी ४१,६००. अर्धे पैसे दलालाच्या खिशात आधीच गेलेले. ते काही तो आणून देत नाही.

यातून मान सोडवायची वाट आहे, पण ती नोटीस यायच्या आत धरलेली बरी. सुधारित रिटर्नची मुदत टळली असली तरी अद्ययावत रिटर्न भरता येतं. २०२५ च्या अर्थसंकल्पाने त्याची मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली. पहिल्या वर्षात भरलं तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. या रिटर्नने परतावा वाढवून मागता येत नाही. ते फक्त भरायच्या कामाचं.

* * *

आणि गंमत अशी, की बोईसरच्या बहुतेक कामगारांना या लबाडीची गरजच उरलेली नाही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही; पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे पगार पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य. विम्याच्या पावत्या नकोत, भाड्याच्या नकोत. तरीही मार्चमध्ये 'टॅक्स वाचवायला' म्हणून गळ्यात पॉलिसी मारणारे फिरतातच. विमा हवा तर विमा म्हणून घ्या. करासाठी घेतलेली पॉलिसी दोन हप्त्यांत बंद पडते, हे एजंटालाही ठाऊक असतं.

एक अपवाद तरुणांसाठी. शेअर विकून झालेल्या नफ्यावर वेगळ्या दराने कर बसतो आणि त्याला ही बारा लाखांची सूट लागत नाही. फ्यूचर्स-ऑप्शन्सचा व्यवहार तर धंदाच समजला जातो. तोटा झाला असला तरी तो वेगळ्या फॉर्मवर दाखवावा लागतो. रात्रपाळी करून सकाळी मोबाइलवर ऑप्शन खेळणाऱ्यांपैकी हे किती जणांना माहीत असेल?

* * *

सातपाटी, मुरबे, दांडी या बाजूला एक समज पसरताना दिसतो. राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. तेव्हा आता मासेमारीचं उत्पन्न करमुक्त. तसं नाही. राज्याचा दर्जा कर्ज, विमा, वीजदर अशा सवलतींसाठी आहे. आयकर हा केंद्राचा कायदा आणि त्यातली शेतीची व्याख्या जमिनीला बांधलेली आहे. समुद्रातला पापलेट त्यात बसत नाही. बोटमालकाचं उत्पन्न धंद्याचंच धरलं जातं.

त्यासाठी सोपी वाट मात्र आहे. दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीला अनुमानित पद्धत: बँकेतून आलेल्या रकमेच्या सहा टक्के आणि रोखीच्या आठ टक्के नफा धरायचा, वह्या ठेवायची सक्ती नाही. रोख पाच टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा तीन कोटी. सोसायटीमार्फत माल विकणाऱ्याच्या पैशाची नोंद तशीही बँकेत असतेच. बर्फ, डिझेल, खलाशांचे वाटे यांच्या पावत्या मात्र सांभाळाव्यात. वाईट हंगामात खरा नफा सहा टक्क्यांहून कमी असतो आणि तेव्हा तो वह्या दाखवूनच सिद्ध करावा लागतो.

* * *

डहाणू-घोलवडच्या चिकूचं उलट. वाडीतला चिकू विकला तर ते शेतीचं उत्पन्न, करमुक्त. त्याच वाडीत चार खोल्या बांधून शनिवार-रविवारी मुंबईकरांना भाड्याने दिल्या, तर ते भाडं शेतीचं नाही, मग सात-बारावर कितीही चिकूची झाडं असोत. बोर्डी-केळव्याकडे रिटर्नमध्ये सगळंच 'शेती' या रकान्यात टाकायची हौस दिसते. पाहुण्यांचे पैसे यूपीआयने येतात आणि यूपीआयला रकाना माहीत नसतो.

दुसरं, शेतीचं उत्पन्न पाच हजारांहून जास्त आणि बाकीचं उत्पन्नही करपात्र असेल, तर शेतीची रक्कम दर ठरवताना हिशेबात येते. करमुक्त असलं तरी दाखवावं लागतं.

* * *

'तुम्ही आदिवासी, तुम्हाला इन्कमटॅक्स माफ.' जव्हार, विक्रमगड, तलासरीच्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना हे सांगणारे भेटतात आणि त्या जोरावर कापलेला सगळा टीडीएस परत मागून देतात. अनुसूचित जमातींसाठीची ती सूट खरी आहे. पण ती ईशान्येकडची राज्यं, लडाख अशा कायद्यात नावानिशी लिहिलेल्या भागांत राहणाऱ्यांसाठी आहे. पालघर त्यात नाही. नंदुरबार नाही, गडचिरोलीही नाही. असायला हवं होतं का, हा वेगळा वाद आहे आणि तो संसदेत घालायचा. रिटर्नमध्ये घातला तर वसुली गुरुजींकडून होते.

* * *

आदिवासी आणि कागद यांच्या नात्यात याहून वाईट प्रकार आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. मग घेणारा आपल्या ड्रायव्हरच्या, वॉचमनच्या नावावर घेतो. तो आदिवासी, विकणारा आदिवासी, कागद स्वच्छ. पैसे तिसऱ्याचेच. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झालं, बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होतं आहे, मुंबई-वडोदरा मार्ग इथूनच जातो. जमिनीला भाव आला की अशा नावांनाही भाव येतो.

ज्याच्या नावावर व्यवहार झाला त्याला वाटतं, साहेबांनी सही मागितली, केली. पण ३० लाख आणि त्यावरच्या प्रत्येक दस्ताची माहिती निबंधक कार्यालयातून आयकराकडे जाते. महिना पंधरा हजार कमावणाऱ्याने तीस लाखांची जमीन कशी घेतली, असा प्रश्न येतो तो त्याच्या घरी. बेनामी व्यवहार कायद्यात, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. नाव उसनं देणाराही त्यात सापडतो.

* * *

भूसंपादनाच्या मोबदल्यावर कर लागतो का? २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या निवाड्याला त्या कायद्याच्या कलम ९६ ने आयकरातून मोकळं ठेवलं आहे आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या ३६ क्रमांकाच्या परिपत्रकात ते स्पष्ट केलं. जमीन शेतीची होती की बिगरशेती, हा भेद तिथे नाही. मात्र वाढीव मोबदल्यावर कोर्टातून मिळालेलं व्याज करपात्र धरलं जातं. त्यातली निम्मी रक्कम वजा होते. जमीन कोणत्या कायद्याखाली गेली हे निवाड्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद तलाठ्याकडून, वकिलाकडून, कुठूनही मिळवा, पण आपल्या कपाटात ठेवा.

खाजगी विक्रीचा नियम वेगळा. ग्रामीण शेतजमीन ही आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, विकली तर भांडवली नफा नाही. ग्रामीण म्हणजे काय? जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटरच्या बाहेर, १ ते १० लाखांना सहा, त्याहून मोठ्या शहराला आठ. अंतर सरळ हवाई रेषेत मोजतात, रस्त्याने नाही. पालघर नगरपरिषद शेवटच्या जनगणनेत पहिल्या गटात होती. पण जास्त भावाच्या आशेने जमीन आधी बिगरशेती करून मग विकली, तर ही सवलत हातची गेली. इथे पुष्कळजण फसतात आणि त्यांना कोणी फसवलेलंही नसतं.

* * *

टेम्पो आणि ट्रकवाल्यांसाठी. दहापर्यंत गाड्या असतील तर नफा अनुमानाने धरता येतो: १२ टनांपर्यंतच्या गाडीला महिना ७,५००, त्यावरच्या गाडीला एकूण वजनाच्या टनामागे महिना हजार. एक छोटा टेम्पो म्हणजे वर्षाला ९० हजार नफा. सोपं आहे.

पण नवी गाडी घ्यायची वेळ आली की फायनान्सवाला तीन वर्षांची रिटर्न मागतो आणि मग 'बँकेसाठीचं रिटर्न' नावाची चीज जन्माला येते. करासाठी कमी, कर्जासाठी जास्त. फुगवलेल्या नफ्यावर कर भरतात, त्याच आकड्यावर झेपणार नाही इतकं कर्ज घेतात आणि एमआयडीसीत भाडी पडली की हप्ता थकतो. कमी उत्पन्न दाखवणाऱ्याला सरकार पकडतं. जास्त दाखवणाऱ्याला पकडायला वसुलीवाले येतात.

* * *

तारापूर एमआयडीसीत पोलाद आहे, म्हणून भंगार आहे. भंगार आहे, म्हणून बोगस बिलं. पद्धत जुनीच: कागदावर माल येतो, ट्रक येत नाही. बिल देणारी फर्म कुठल्या तरी मजुराच्या आधार-पॅनवर काढलेली असते. बिल घेणारा जीएसटीची वजावट घेतो, फर्म काही महिन्यांत गायब होते.

खरा धोका आहे तो खरा माल घेणाऱ्यालाही. विकणाऱ्याने कर भरलाच नाही तर घेणाऱ्याची वजावट रद्द होऊ शकते, वर १८ टक्के व्याज. तेव्हा माल स्वस्त देणाऱ्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर तपासणं, बिल आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतं का पाहणं, ई-वे बिल, गाडीची बिल्टी आणि वजनकाट्याची पावती बिलाला टाचून ठेवणं, हे कंटाळवाणं काम करावं लागतं. वजनकाट्याची पावती सगळ्यांत मोलाची, कारण ती माल आल्याचं सांगते. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारात आणखी दोन गोष्टी बदलल्या: नोंदणी नसलेल्याकडून घेतलं तर कर घेणाऱ्याने भरायचा, दोघे नोंदणीकृत असतील आणि सौदा अडीच लाखांवर गेला तर दोन टक्के टीडीएस कापायचा.

ज्यांनी आपलं आधार-पॅन ठेकेदाराला दिलं आहे अशा कामगारांना सांगण्यासारखं: जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून शोधलं, की त्या पॅनवर देशात कुठे कुठे नोंदणी आहे ते दिसतं. लॉगिन लागत नाही. ओडिशा, बिहारहून आलेल्या माणसाला हे कोणी दाखवत नाही. कारखान्याच्या एचआरने पगाराच्या दिवशी पाच मिनिटं देऊन दाखवावं.

* * *

छोट्या जॉबवर्कवाल्याचा खरा कर म्हणजे उधारी. माल गेला, जीएसटी भरला, पैसे चार महिन्यांनी. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर तो खर्च घेणाऱ्याला त्या वर्षी वजा मिळणार नाही, अशी तरतूद २०२३ च्या अर्थसंकल्पाने केली. ती फक्त उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, व्यापाऱ्यांसाठी नाही. कायदा लागू होताच काही खरेदीदारांनी पुरवठादारांना उलटच सांगायला सुरुवात केली: 'उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे.' कायदा ज्याच्या बाजूचा, त्यालाच तो लपवावा लागतो. चिंचणी-तारापूरच्या घराघरांतल्या डायमेकिंगवाल्यांनी नोंदणी तरी करून ठेवावी. तिला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही, मग त्यावर अशोकस्तंभ कितीही ठळक असो.

* * *

अणुऊर्जा केंद्रातून, बँकेतून, रेल्वेतून निवृत्त झालेल्यांसाठी दोन ओळी. ज्येष्ठांच्या ठेवींवरचं व्याज एका बँकेत वर्षाला लाखाच्या आत असेल तर टीडीएस कापला जात नाही. कापला नाही म्हणून ते व्याज करमुक्त होत नाही. आणि व्हिडिओ कॉलवर खाकी कपडे घालून 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' म्हणणारा माणूस चोर आहे. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. फोन ठेवून द्यावा. उद्धटपणा वाटला तरी चालेल.

* * *

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा आला. ८०सी चं कलम १२३ झालं, अनुमानित धंद्याचं ४४एडी आता ५८. 'नव्या कायद्यानुसार पॅन अपडेट करा, नाहीतर बंद होईल' असे संदेश अशा वेळी हमखास येतात. सोबत एखादी एपीके फाइल. ती उघडली की फोन परक्याच्या हाती. कलमांचे क्रमांक बदलले म्हणून करदात्याने काहीही 'अपडेट' करायचं नाही. विभागाच्या प्रत्येक पत्रावर १ ऑक्टोबर २०१९ पासून एक क्रमांक असतो आणि तो पोर्टलवर टाकून पत्र खरं की खोटं ते पाहता येतं. खरी नोटीस आली तर घाबरून कोणा 'ओळखीच्या साहेबां'कडे धावू नये. आता बहुतेक उत्तरं ऑनलाइनच द्यायची असतात. ओळखीचा साहेब त्यात काही करू शकत नाही, पैसे तेवढे घेऊ शकतो.

* * *

फसवणुकीत पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. आधी मुलाला विचारू, उद्या बँक उघडल्यावर बघू, असं नको. रक्कम दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात सरकायच्या आत गोठवली तरच काही परत मिळतं. आणि कॉलेजच्या पोरांनो, 'खातं भाड्याने दे, महिन्याला अमुक देतो' म्हणणाऱ्याला खातं देऊ नका. चोरीचा पैसा त्याच खात्यातून फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या पत्त्यावर.

* * *

वाचकांना एकच विनंती. या आठवड्यात आयकराच्या पोर्टलवर स्वतः जा आणि प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर, ई-मेल आणि परताव्याचं बँक खातं कोणाचं नोंदवलं आहे ते बघा. दुकानदाराचं, एजंटाचं, जुन्या ठेकेदाराचं असेल तर तिथल्या तिथे बदला, पासवर्डही बदला. सीए असला तरी ओटीपी आपल्याच फोनवर आला पाहिजे. चांगला सीए याला हरकत घेत नाही. जो घेईल, त्याच्याकडून कागद परत आणा.